फास्टर फेणेचे वय

१

पदव्युत्तर वर्गात 'साहित्यकृतीचे माध्यमांतर' हा घटक शिकवताना एक प्रसंग दरवर्षी ठरल्याप्रमाणे घडतो. कादंबरी आणि तिच्यावरून निघालेला चित्रपट यांची चर्चा सुरू झाली की एखादा विद्यार्थी, बहुधा मागच्या बाकावरून, पुस्तकच चांगले होते असे म्हणतो. वर्गात हशा पिकतो. आपण अध्यापकही किंचित हसतो आणि दोन माध्यमांना एकच फूटपट्टी लावता येत नाही, शब्द आणि दृश्य यांची सामर्थ्ये भिन्न असतात, हे नेहमीचे उत्तर देऊन पुढच्या मुद्द्याकडे वळतो. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु त्या विद्यार्थ्याच्या मनात जे घडलेले असते त्याची दखल या उत्तरात घेतली जात नाही. त्याचा अपेक्षाभंग ही त्याची भावनिक दुर्बलता मानून आपण ती बाजूला सारतो.

प्रस्तुत लेखात मी वेगळी बाजू मांडू इच्छिते. एखाद्या लोकप्रिय पुस्तकमालिकेवर जीव जडलेल्या वाचकाचा तिच्या चित्रपटाने झालेला अपेक्षाभंग हा समीक्षेच्या दृष्टीने पुरावा असतो. मूळ मालिकेने आपल्या वाचकाशी कोणता करार केला होता, हे पुष्कळदा तो करार मोडल्यानंतरच ध्यानात येते. उदाहरणादाखल मी भा. रा. भागवत यांची 'फास्टर फेणे' ही मालिका आणि २०१७ साली प्रदर्शित झालेला त्याच नावाचा चित्रपट घेतला आहे. या प्रकरणात मी स्वतःच एक पक्षकार आहे, हे प्रारंभीच सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

२

भा. रा. भागवत (१९१०–२००१) हे पत्रकार, 'बालमित्र' या मुलांच्या मासिकाचे संपादक आणि मुलांसाठी आयुष्यभर निष्ठेने लिहीत राहिलेले लेखक. त्यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगी गावचा किडकिडीत मुलगा. पुण्याच्या विद्याभवन शाळेत तो शिकतो, सायकल पिटाळतो, 'ट्टॉक्' असा आवाज काढतो आणि जिथे जातो तिथे त्याच्यापुढे काहीतरी भानगड उभी राहते. 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे', 'चक्रीवादळात फास्टर फेणे', 'जंगलपटात फास्टर फेणे' ही नुसती शीर्षके वाचली तरी या मालिकेची रचना लक्षात येते. स्थळ बदलते, संकट बदलते, मुलगा तोच राहतो.

मालिका हा केवळ प्रकाशनाचा प्रकार नाही, तो वाचनाचाही एक प्रकार आहे, हे येथे नोंदवावेसे वाटते. एकच स्वतंत्र कादंबरी वाचणारा वाचक शेवटाकडे ओढला जातो. मालिकेचा वाचक मात्र शेवटापेक्षा परतण्याकडे ओढला जातो. नायक सुखरूप सुटणार हे त्याला ठाऊक असते, कारण पुढचे पुस्तक कपाटात दिसत असते. तरीही त्याची उत्कंठा टिकते. हे कसे घडते, याचा विचार आपण क्वचितच करतो. माझ्या मते मालिकेतील उत्कंठा 'काय होईल' या प्रश्नाशी फारशी बांधलेली नसते, 'हा आपला मुलगा आता काय करील' या प्रश्नाशी ती बांधलेली असते. नायकाच्या स्वभावाची खात्री आणि प्रसंगाची नवलाई यांच्या संयोगातून हा आनंद निर्माण होतो. म्हणूनच अशा मालिकेत नायकाचे वय सहसा पुढे सरकत नाही. वाचक वाढतो, नायक थांबून राहतो. दरवर्षी नवी मुले त्या वयापर्यंत येऊन पोहोचतात, काही वर्षे त्याच्या सोबतीने चालतात आणि पुढे निघून जातात. थांब्यावरच्या झाडासारखा तो तिथेच उभा असतो.

३

माझे बालपण हुडकेश्वरला गेले. आज हे नाव नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीतील एक वस्ती म्हणून घेतले जाते. म्हाळगीनगर चौकातून निघालेला हुडकेश्वर रस्ता दोन्ही बाजूंच्या दुकानांनी गजबजलेला असतो. त्या काळी मात्र ते शहराबाहेरचे ग्रामपंचायतीचे गाव होते. माध्यमिक शाळेसाठी आम्ही शहरात जात असू आणि सायकल ही त्यासाठीची अपरिहार्य गोष्ट होती. शाळेच्या ग्रंथालयात मुलांच्या पुस्तकांचे एकच कपाट होते व त्याची किल्ली शनिवारी निघे. फास्टर फेणेची पुस्तके मला क्रमाने मिळाली नाहीत. जे हाती येईल ते वाचायचे, मुखपृष्ठ गेलेले असेल तर नाव दुसऱ्याला विचारायचे, अशी ती वाचनपद्धती होती. मालिकेचे वैशिष्ट्य असे, की या विस्कळीत वाचनाने तिचे काहीच बिघडत नसे.

पुणे मी पाहिलेले नव्हते. फुरसुंगी नकाशावर कुठे आहे हेही ठाऊक नव्हते. तरीही हा मुलगा परका वाटला नाही. त्याचे कारण मला पुढे पुष्कळ वर्षांनी, बालसाहित्याकडे अभ्यासक म्हणून पाहू लागल्यावर उमगले. शहराच्या वेशीबाहेरच्या गावातून शहरातील शाळेत आलेला मुलगा ही फास्टर फेणेची मूळ ओळख आहे. पुण्यातील पेठांत वाढलेल्या वाचकाला ती कदाचित जाणवणारही नाही. हुडकेश्वरहून निघालेल्या आणि वर्गात आपल्या बोलीमुळे दोनदा हसू झालेल्या मुलीला ती न जाणवणे शक्यच नव्हते. पुण्याच्या प्रमाण मराठीत लिहिलेली ही पुस्तके नागपूरच्या टोकाला आमची झाली, ती या एका तपशिलामुळे.

'मुलीला' हा शब्द मी हेतुपुरस्सर योजला आहे. फास्टर फेणे हा मुलगा होता आणि मी मुलगी होते. पण ती पुस्तके वाचताना मी त्याची बहीण, मैत्रीण किंवा कौतुक करणारी प्रेक्षक झाले नाही. मी फास्टर फेणेच झाले. दहा-बारा वर्षांच्या वयाला ही मुभा असते. त्या वयात शरीराची आणि समाजाची कुंपणे अजून पुरती उभी राहिलेली नसतात. सायकल चालवणारा कोणीही फास्टर फेणे होऊ शकतो. ही मुभा नायकाच्या वयाने दिलेली असते, हे मला चित्रपट पाहीपर्यंत कळले नव्हते.

४

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' हा चित्रपट ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. क्षितिज पटवर्धन यांची पटकथा आहे. त्यातील बनेश फेणे हा शाळकरी मुलगा राहिलेला नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तो तरुण आहे. परीक्षेच्या निमित्ताने ओळख झालेल्या एका मुलाचा मृत्यू होतो, तो आत्महत्या ठरवला जातो, बनेशला ते पटत नाही आणि शोध घेता घेता तो प्रवेशपरीक्षांतील गैरव्यवहारापर्यंत पोहोचतो. अमेय वाघ यांनी बनेशची, गिरीश कुलकर्णी यांनी अप्पा या खलनायकाची आणि दिलीप प्रभावळकर यांनी खुद्द भा. रा. भागवतांची भूमिका केली आहे.

या चित्रपटाचे गुण नाकारण्याचे काही कारण नाही. अमेय वाघ यांच्या हालचालींत एक अस्वस्थ चपळाई आहे. गिरीश कुलकर्णी यांचा अप्पा बोलण्यातल्या गोडव्यानेच अधिक भयप्रद होतो. विषयही हवेतला नाही. शेजारच्या मध्य प्रदेशातील 'व्यापम' प्रकरण २०१३ मध्ये उघडकीस आले होते आणि प्रवेशपरीक्षांचा बाजार आपल्या विद्यार्थ्यांच्या घरात शिरलेला होता. लेखकालाच चित्रपटातील पात्र करून त्याच्या घरी त्याच्या मानसपुत्राला उतरवणे, ही कल्पना कृतज्ञतेतून सुचलेली आहे. चित्रपट अनेकांना आवडला आणि तो आवडण्याजोगा आहे.

मी तो नागपुरात माझ्या भाच्याला सोबत घेऊन पाहिला. तो त्या वेळी दहा वर्षांचा होता. आठवडाभर आधीपासून मी त्याला माझ्या फास्टर फेणेबद्दल सांगत होते. चित्रपटगृहात तो काही प्रसंगी माझा हात धरून बसला, काही प्रसंगी हसला. बाहेर पडल्यावर त्याने मला विचारले, "आत्या, हा तर मोठा झालेला आहे. मग लहान असतानाचा कुठे आहे?" त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, त्याला खरोखरच माहिती हवी होती. मला उत्तर देता आले नाही. माझ्या मनात जे दोन तास खुपत होते त्याला त्याने नाव दिले होते.

५

अपेक्षाभंगाचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण म्हणजे मूळ संहितेशी द्रोह. ते मला मान्य नाही. कथानक बदलले, काळ बदलला, नवी पात्रे आली, एवढ्यावरून रूपांतर दोषी ठरत नाही. तसे मानायचे तर पहिला दोष भागवतांच्याच माथी येईल. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्र-सैतान', 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशा रूपांत मराठीत आणल्या. फ्रेंच संहिता शब्दशः जपणे हा त्यांचा हेतू नव्हता. संक्षेप, भाषेची ठेवण, संवादांचा बाज या सर्वांत त्यांनी स्वातंत्र्य घेतले. ते मराठीतील एक जातिवंत रूपांतरकार होते. त्यांच्या वाचकाने रूपांतर या गोष्टीलाच नाक मुरडणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु भागवतांनी हे सारे बदल करताना काय कायम ठेवले, हा प्रश्न विचारून पाहावा. व्हर्नच्या पुष्कळ कादंबऱ्या हेत्झेल या प्रकाशकाच्या, घरातील मुलांच्या शिक्षणासाठी व करमणुकीसाठी निघणाऱ्या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाल्या होत्या. भागवतांनी शब्द बदलले, विस्तार छाटला, पण समोर बसलेला तो कुतूहलाने भरलेला वाचक बदलला नाही. पॅरिसच्या मुलाच्या जागी महाराष्ट्रातला मुलगा आला, एवढेच. रूपांतराची निष्ठा मूळ संहितेशी असते की मूळ वाचकाशी, या प्रश्नाला त्यांनी आपल्या कृतीने उत्तर दिलेले आहे.

मराठीत याचे आणखी एक उदाहरण आहे. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मास्टर विनायक यांच्या 'लग्न पहावे करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) या चित्रपटांतून पडद्यावर आले. तेथे दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. दोन चिमणरावांच्या चेहऱ्यांत, अंगकाठीत, उच्चारांत काहीच साम्य नाही. तरीही दोघेही वाचकांना आपले वाटले. कारण दोन्ही ठिकाणी चिमणराव ज्याच्यासाठी होता तो भिडस्त, हिशेबी, स्वतःवर हसू शकणारा मध्यमवर्गीय रसिक आपल्या जागी बसलेला होता. चेहरा बदलल्याने वाचक दुखावत नाही. त्याची बसण्याची जागा काढून घेतली की तो दुखावतो.

सत्यजित राय यांच्या फेलूदाचे उदाहरण या दृष्टीने अधिकच बोलके आहे. फेलूदा १९६५ मध्ये 'संदेश' या मुलांच्या मासिकातून अवतरला. 'सोनार केल्ला' या कादंबरीवर राय यांनी १९७४ साली स्वतःच चित्रपट केला, तेव्हा त्यांनी फार मोठा बदल केला. कादंबरीत दुष्ट माणसे कोण हे रहस्य जपलेले आहे. चित्रपटात ते प्रेक्षकाला आधीच दाखवून दिले आहे. रहस्यकथेतून रहस्यच काढून टाकण्यासारखा हा बदल. संहितानिष्ठेच्या कसोटीवर तो अक्षम्य ठरावा. प्रत्यक्षात तो चित्रपट बंगाली मुलांच्या पिढ्यांनी आपलासा केला, कारण पूर्वजन्म आठवणारा लहानगा मुकुल, पोरसवदा तोपशे आणि जैसलमेरचा पिवळा किल्ला यांच्याकडे पाहणारी चित्रपटाची नजर मुलाच्या उंचीवरच राहिली. एवढेच नव्हे, जटायूच्या भूमिकेतील संतोष दत्त इतके चपखल ठरले की पुढच्या पुस्तकांतील चित्रांत राय यांनी जटायूचा चेहरा त्यांच्यासारखा केला. चित्रपटाने मालिकेकडून घेतले आणि मालिकेला परतही दिले.

आता आपल्या चित्रपटाकडे वळू. त्यात एक मूल आहे. शुभम मोरे या बालकलाकाराने रंगवलेला भूभू हा रस्त्यावरचा चुणचुणीत मुलगा बनेशच्या मदतीला येतो. चित्रपटातील काही अत्यंत जिवंत क्षण त्याचेच आहेत. पण त्याचे स्थान पाहा. मालिकेत जे वय नायकाच्या जागी होते, ते चित्रपटात साहाय्यकाच्या जागी गेले आहे. मी ज्या मुभेचा उल्लेख वर केला तिचेही असेच झाले. चित्रपटात अबोली ही धीट पत्रकार आहे. तिच्या पात्राविषयी माझी तक्रार नाही. पण नायक तरुण पुरुष झाल्याबरोबर प्रेक्षागृहातील मुलीने अबोली व्हावे, अशी वाटणी आपोआप होऊन जाते. पुस्तकात मला फास्टर फेणे होता येत होते. चित्रपटात त्याला मदत करता येते.

वयाबरोबर आशयही बदलतो. शाळकरी फास्टर फेणेच्या साहसाला कुतूहलाने प्रारंभ होतो. ज्या जगात त्याला कोणी विचारीत नाही त्या मोठ्यांच्या जगात तो नाक खुपसतो आणि अखेरीस त्या जगाला त्याची दखल घ्यावी लागते. मुलाच्या शब्दाला किंमत मिळणे, हा या मालिकेचा गाभा आहे. चित्रपटातील बनेशच्या साहसाला एका तरुण मुलाच्या मृत्यूने प्रारंभ होतो आणि त्याचा प्रवास न्याय मिळवण्याकडे होतो. हा विषय गंभीर आहे, आवश्यकही आहे. पण तो मोठ्यांनी मोठ्यांशी दिलेल्या लढ्याचा विषय आहे, आणि अशा लढ्याच्या कथा मराठी चित्रपटात पुष्कळ आहेत. मुलाला मुलगा राहूनच जिंकू देणाऱ्या कथा थोड्या आहेत. त्या थोड्यांतली एक आपण पहिल्या प्रकारात जमा केली.

६

माझ्या या म्हणण्यावर एक सबळ आक्षेप घेता येईल. फास्टर फेणेवर प्रेम करणारी मुले आज मोठी झाली आहेत. चित्रपट त्यांच्यासाठी काढला. म्हणजे मूळ वाचकाशी निष्ठा राखलीच ना? नायकालाही त्यांच्याबरोबर थोडे मोठे केले, यात बिघडले काय?

हा आक्षेप मी स्वतःला अनेकदा घालून पाहिला, कारण तो माझ्याच बाजूने आहे. तो प्रेक्षक म्हणजे मीच. तरीही तो मला दोन कारणांनी टिकणारा वाटत नाही. एक असे, की मालिकेचा वाचक ही ठरावीक माणसांची यादी नसते. ती एक जागा असते आणि त्या जागेवर दर काही वर्षांनी नवी मुले येऊन बसतात. पूर्वी तेथे बसून गेलेल्यांनी ती जागा आपल्या नावावर करून घेणे, हा आठवणींचा गैरवापर आहे. आपण ज्या बाकावर बसून शिकलो तो बाक घरी नेऊन ठेवण्यासारखेच ते आहे. दुसरे असे, की मोठ्या झालेल्या वाचकालाही मोठा झालेला फास्टर फेणे नकोच असतो. मला चित्रपटगृहात माझ्या वयाचा सोबती नको होता. माझे दहा वर्षांचे वय जिथे ठेवून आले होते ते ठिकाण अजून शाबूत आहे काय, एवढेच मला पाहायचे होते. भाच्याला सोबत नेण्यामागेही तोच हेतू होता. ते ठिकाण त्याला दाखवायचे होते.

अर्थकारणाचा मुद्दाही विचारात घ्यावा लागेल. केवळ मुलांच्या भरवशावर मराठी चित्रपटाचा खर्च निघत नाही, असे निर्माते म्हणतात. त्यात तथ्य असेलही. परंतु मूल केंद्रस्थानी असले की मोठा प्रेक्षक पाठ फिरवतो, हे मात्र खरे नाही. परेश मोकाशी यांच्या 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) या चित्रपटात पंढरपूरची भावंडे आपली सायकल विकली जाऊ नये म्हणून यात्रेत दुकान मांडतात. संपूर्ण चित्रपट त्या मुलांच्या खटपटीवर उभा आहे आणि मोठ्यांनीही तो आनंदाने पाहिला. दिलीप प्रभावळकर यांच्या 'बोक्या सातबंडे' या मालिकेवर २००९ साली चित्रपट झाला, तेव्हा बोक्या मुलगाच राहिला. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, दूरदर्शनवर फास्टर फेणेची मालिका आली होती आणि सुमीत राघवन यांनी शाळकरी वयाचा फास्टर फेणे साकारला होता. वाट नव्हती असे नाही. ती २०१७ मध्ये घेतली गेली नाही.

७

येथपर्यंतचे विवेचन एका चित्रपटापुरते राहिले तर हा लेख उशिरा लिहिलेले परीक्षण ठरेल. मला आपल्या क्षेत्राविषयी काही म्हणायचे आहे. चित्रपटकर्त्यांनी फास्टर फेणेला मोठे केले, कारण त्याला गांभीर्याने घ्यावयाचे तर त्याने मोठे व्हायलाच हवे, असे त्यांना वाटले असावे. ही समजूत त्यांनी कोठून घेतली? आपण मराठीचे अभ्यासक वेगळे काय करीत आलो आहोत? आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत बालसाहित्य असलेच तर वैकल्पिक घटकाच्या तळाशी असते. माध्यमांतर शिकवताना आपण 'नटसम्राट' घेतो, 'दुनियादारी' घेतो. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवर जीव लावलेल्या वाचकांनी २०१३ च्या 'दुनियादारी' चित्रपटावर जी नाराजी व्यक्त केली, तिचाही विचार आपण वाचकांचा हट्ट एवढ्यावरच थांबवला. लोकप्रिय मालिकांचे वाचन हे अभ्यासाआधीचे, अभ्यासाला लागल्यावर मागे टाकायचे वाचन, असे आपण गृहीत धरतो. पीएच. डी.च्या मुलाखतीत आवडते पुस्तक विचारल्यावर मी फास्टर फेणेचे नाव घेतले नव्हते. कोणते नाव घेतले ते येथे सांगत नाही. ते पुस्तक मला तेव्हा पुरते कळलेही नव्हते.

म्हणून माध्यमांतराच्या अभ्यासात आपण तीन प्रश्नांची भर घालावी, असे मी सुचवीन. मूळ कृतीचा वाचक कोण होता आणि रूपांतरात त्याची जागा शिल्लक आहे काय? मूळ कृती मालिका असेल तर मालिकेच्या रूपबंधाने दिलेले आश्वासन, म्हणजे पुन्हा भेटण्याची खात्री, चित्रपटाच्या एकाच टोकदार शेवटात कुठे गेले? आणि तिसरा, वाचकाचा अपेक्षाभंग नेमका कोणत्या तपशिलाशी निगडित आहे? हा तिसरा प्रश्न विद्यार्थ्याला विचारण्याचा आहे. मागच्या बाकावरून पुस्तकच चांगले होते असे तो म्हणतो, तेव्हा हसण्याऐवजी त्याला विचारावे: कुठे दुखले? तो ज्या जागेवर बोट ठेवील तेथे मूळ संहितेचा एखादा न दिसलेला खांब सापडण्याची शक्यता आहे. मला फास्टर फेणेचे वय सापडले. इतकी वर्षे ते माझ्या डोळ्यांसमोर होते.

असे काम करण्यास फार मोठे अनुदान लागत नाही. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या ग्रंथालयात जाऊन मुलांच्या पुस्तकांची कपाटे पाहावीत, कोणत्या मालिकांच्या प्रती झिजल्या आहेत आणि कोणत्या कोऱ्या राहिल्या आहेत याची नोंद घ्यावी, चाळिशी-पन्नाशीतील वाचकांना त्यांच्या आठवणी विचाराव्यात. बोरीबंदरपासून भंडाऱ्यापर्यंत एकच पुस्तक किती वेगवेगळ्या कारणांनी आपले वाटले, हे त्यातून कळेल. मराठी वाचनसंस्कृतीचा जो इतिहास आपण लिहितो त्यात आज मूल जवळजवळ नाही.

८

चित्रपट आला त्याच ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत अकरा गावे समाविष्ट करण्यात आली. फुरसुंगी त्यांपैकी एक होते. नंतर ते उरुळी देवाचीसह हद्दीतून वेगळे काढून तेथे नगरपरिषद स्थापन झाली. गावे शहरात जातात, क्वचित बाहेरही येतात. हुडकेश्वर तर शहरात गेले ते गेलेच. शहराबाहेरून सायकलवर शाळेत येणारा मुलगा कोणत्या रस्त्याने येत होता, हे दोन्हीकडे आता दाखवता येणार नाही. पुस्तकात मात्र तो अजून येतो आहे.

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी देऊ शकले नाही. पुढच्या रविवारी मी त्याला दोन पुस्तके आणून दिली. एक त्याने वाचले, दुसरे अर्धवट ठेवले. त्यातल्या काही शब्दांना तो अडला आणि रुपया-आण्यांच्या हिशेबाला हसला. चमत्कार वगैरे काही घडला नाही. महिनाभराने त्याने अर्धवट ठेवलेले पुस्तक मागून नेले आणि ते अद्याप परत केलेले नाही. तो आता बारावीच्या पुढे गेला आहे, म्हणजे चित्रपटातल्या बनेशच्या वयाचा झाला आहे. पुस्तकातल्या बनेशला त्याने कधीच मागे टाकले. तो थांबा मात्र रिकामा राहू नये, एवढी काळजी आता त्याने आणि मी मिळून घ्यायची आहे.